बावन्न

कॉलेज रोडवरच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात रॅकेट काउंटरवर ठेवली की पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘किती पाउंड?’ म्हणजे तार किती ओढून बसवायची. बॅडमिंटनची असेल तर उत्तर चोविसाच्या आसपास. टेनिसची असेल तर पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नाशिकमध्ये बॅडमिंटनवाले जास्त, त्यामुळे टेनिसची थोराड रॅकेट दिसली की मशिनवरचा माणूस जरा सावरून बसतो आणि आकडा दोनदा विचारून घेतो. विचारतो ते बरंच करतो. २४ पाउंडांवर ओढलेली टेनिसची रॅकेट म्हणजे सैल पडलेली बाज. तिच्यावर आदळलेला चेंडू समोरच्या कोर्टात नाही, कुंपणापलीकडे सापडतो.

‘दादा, बावन्नवर मारा,’ असं सांगून मुलगी शाळेच्या दप्तरासकट बाकावर बसते. तिला तो आकडा कोचने दिलेला असतो. आपल्याकडे बावन्न पत्ते, सोनं बावनकशी, आणि टेनिसमध्ये बावन्न दोनदा भेटतो. एकदा पाउंडांत, एकदा आठवड्यांत. आठवड्यांकडे नंतर येऊ.

रॅकेटला तारा विणण्याचं हे काम म्हणजे ‘गटिंग’. हा शब्द आपण बॅडमिंटनलाही वापरतो आणि टेनिसलाही. मुळात इंग्रजीत गट म्हणजे आतडं. मराठीत त्याला सुरेख शब्द आहे, तात. पिंजाऱ्याच्या धनुकलीला जी लावलेली असे ती. लीला राव १९३४ साली विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, तेव्हा रॅकेटा लाकडी होत्या आणि चांगली रॅकेट आतड्याच्या तातेनेच विणलेली असे. (ही लीला म्हणजे संस्कृत पंडिता क्षमा राव यांची मुलगी, आणि आईही टेनिस खेळणारी. घरात कालिदास आणि कोर्ट दोन्ही.) तातेचं वैर ओलाव्याशी. आपल्या जुलै-ऑगस्टात ती फुगते, तंतू सुटे होतात आणि एका सकाळी न खेळताच तुटलेली सापडते. आज बहुतेक रॅकेटांत पॉलिएस्टर असतं, आतड्याशी त्याचा काही संबंध नाही. नाव मात्र गटिंगच राहिलं.

५२ पाउंड म्हणजे साधारण साडेतेवीस किलो. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा भरलेला क्रेट २० किलोंचा असतो. तो एका तारेला लटकवायचा, वर साडेतीन किलो टोमॅटो आणखी टाकायचे, आणि त्या ओढीत तार चिमट्याने पकडून ठेवायची. असं एकदा नाही. नेहमीच्या रॅकेटमध्ये १६ उभ्या तारा आणि १९ आडव्या, म्हणजे पस्तीस वेळा. चौकट अर्धवट विणलेली असताना ही ओढ एकाच दिशेने बसते, म्हणून रॅकेट आधी मशिनवर डोक्याकडून आणि गळ्याकडून घट्ट आवळावी लागते. ती ढिली राहिली तर उभ्या तारा ओढता ओढता चौकट आखूड आणि रुंद होते, आणि कधी कधी कडकन आवाज येतो. त्या आवाजानंतर दुकानात कोणी बोलत नाही.

एका रॅकेटला साधारण १२ मीटर तार लागते. २०० मीटरचं रीळ घेतलं तर सोळा रॅकेटा होतात आणि सुट्या पाकिटांपेक्षा बरंच स्वस्त पडतं. उभ्या तारा मधल्या दोनपासून सुरू करायच्या आणि डावी-उजवी आलटून पालटून बाहेर जायचं. एका बाजूला दोन-तीनपेक्षा जास्त पुढे गेलं की चौकटीवर तिरका भार येतो. मग आडव्या, डोक्याकडून गळ्याकडे. इथे खरं विणकाम सुरू होतं. एक वरून, एक खालून, पुढच्या ओळीत बरोबर उलट. येवल्याच्या मागावर बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही, ताणा आणि बाणा त्याच्या हातातच असतो. फरक इतकाच, की तिथे चूक नक्षीत दिसते आणि इथे चेंडूत. एखाद्या ओळीत लागोपाठ दोन तारांवरून गेलं आणि ते तीन ओळींनंतर लक्षात आलं, तर तीनही ओळी उकलून मागे यावं लागतं. पॉलिएस्टर एकदा ताणून सोडलं की पुन्हा ओढल्यावर पूर्वीसारखं राहत नाही, म्हणून घाईचा गटिंगवाला ती चूक तशीच ठेवून रॅकेट देतो. घेताना उजेडाकडे धरून एक ओळ बोटाने मोजावी. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि त्यात गटिंगवाल्याचा अपमान काही नाही.

तार तुटली की कुठे तुटली ते पाहावं. मधोमध तुटली असेल तर काळजी नाही. टॉपस्पिनमध्ये, म्हणजे चेंडूला पुढे फिरकी देऊन मारताना, उभ्या तारा आडव्यांवर घासतात, त्यांना खाचा पडतात आणि सगळ्यात खोल खाच जिथे असते तिथे त्या जातात. चौकटीच्या काठाशी तुटली असेल तर एक तर चेंडू काठावर बसला, नाही तर भोकातली प्लॅस्टिकची बुशिंग फुटून कार्बनची कड तार कापते आहे. तसं असेल तर पुढचं गटिंगही आठवड्यात तिथेच तुटणार. बुशिंग बदलायची म्हटली की पुष्कळ ठिकाणी ‘आता आली की करू’ असं उत्तर मिळतं. सगळा खर्च त्या ‘आता आली की’मध्ये असतो.

पण तुटणं हा तारेचा खरा दोष नव्हे. तुटलेली तार दिसते तरी. खरा दोष हा, की न तुटताही तार सैल होते. पॉलिएस्टरचा ताण पहिल्या चोवीस तासांतच चांगला उतरतो, रॅकेट बॅगेत नुसती पडून असली तरी. मशिनवर ५२ दाखवलं म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ५२ असेलच असं नाही. दहा-पंधरा तास खेळून झालं की तार मेलेली असते. मेलेली तार ओळखायची खूण अशी, की फटका मारल्यावर सरकलेल्या उभ्या तारा जागेवर परत येत नाहीत, हाताने सारख्या कराव्या लागतात. आवाज टणत्कारी राहत नाही, भदभद येतो. आणि बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, आत पडणारा चेंडू वीतभर बाहेर जाऊ लागतो. मुलगी म्हणते हात बिघडला, वडील म्हणतात लक्ष नाही. हात ठीक असतो, लक्षही असतं. आठवड्यातून जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षात गटिंग बदला, असा जुना हिशेब आहे. हौशी माणसाला तो पुरतो. स्पर्धा खेळणाऱ्या मुलीला अजिबात पुरत नाही.

आता दुसरा बावन्न. महिला टेनिसमध्ये जागतिक रँकिंगचा प्रत्येक गुण ५२ आठवडे जगतो. त्रेपन्नाव्या आठवड्यात तो गळतो. खेळाडू हरली म्हणून नाही, आजारी पडली म्हणून नाही, नुसतं वर्ष झालं म्हणून. सगळ्यात खालच्या पायरीवरची स्पर्धा डब्ल्यू १५. एकूण बक्षीस १५ हजार डॉलर, तेही एकेरी-दुहेरीतल्या सगळ्यांत वाटायचं. तिथे मुख्य फेरीत पहिला सामना जिंकला की १ गुण. पाचही जिंकून स्पर्धा घेतली तर १५. वरच्या टोकाला ग्रँड स्लॅमच्या विजेतीला २,०००. रँकिंगच्या यादीत नाव यायला तीन स्पर्धांत तरी गुण लागतात, नाही तर एकूण किमान १०. म्हणजे एखादी मुलगी मे महिन्यात कुठल्याशा उन्हात पाच सामने जिंकून १५ गुण मिळवते, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच उन्हात ते १५ पुन्हा मिळवले तर ती जिथल्या तिथे असते. कमी पडली तर खाली. याला टेनिसच्या भाषेत गुण ‘डिफेंड’ करणं म्हणतात.

हा हिशेब सगळ्यात स्पष्ट दिसतो तो सानिया मिर्झाच्या कारकिर्दीत, तेही तिच्या जिंकलेल्या एका स्पर्धेत. एकेरीत ती २००७ च्या ऑगस्टमध्ये २७ व्या क्रमांकापर्यंत गेली. कोणतीही भारतीय मुलगी त्याच्या वर गेलेली नाही. त्याआधी २००५ मध्ये हैदराबादची डब्ल्यूटीए (महिला टेनिसच्या जागतिक संघटनेची) स्पर्धा जिंकून आणि यूएस ओपनची चौथी फेरी गाठून तिने देशाला टेनिसचे गुण मोजायला शिकवलं होतं. पुढे मनगटाच्या दुखापती झाल्या आणि २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली. निर्णय शहाणपणाचा होता. दुहेरीत निम्मं कोर्ट सांभाळायचं आणि तिचा फोरहँड तसाच वापरायचा. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. मार्टिना हिंगिसबरोबर त्या वर्षी विम्बल्डन आणि यूएस ओपन, पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन, मध्ये सलग ४१ सामने विजयाचे.

आणि मग जानेवारी २०१७, ब्रिस्बेन. सानिया अमेरिकेच्या बेथनी मॅटेक-सँड्सबरोबर खेळली आणि स्पर्धा जिंकली. त्याच आठवड्यात तिचा पहिला क्रमांक गेला, आणि गेला तो जाळीपलीकडच्या कोणाकडे नाही, शेजारी उभ्या असलेल्या मॅटेक-सँड्सकडे. कारण साधं होतं. आदल्या वर्षी ब्रिस्बेन सानियानेच हिंगिसबरोबर जिंकलेली होती. जुने गुण गळले, तितकेच नवे आले, तिचं पारडं होतं तिथेच राहिलं. जोडीदारणीच्या पारड्यात मात्र ते नव्याने पडले. ९१ आठवडे धरून ठेवलेली जागा करंडक हातात असताना सुटली. वर्तमानपत्रांत तो ‘विचित्र योगायोग’ ठरला. गटिंगवाल्याला विचारलं असतं तर त्याने योगायोग म्हटलं नसतं.

याच्या उलट उदाहरण अंकिता रैनाचं. मूळची अहमदाबादची, पण घडली पुण्यात, हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली. सगळी चढण लहान स्पर्धांतून, एकेक पायरी. २०१८ मध्ये पहिल्या दोनशेत, त्याच वर्षी जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य. मार्च २०२० मध्ये ती १६० व्या क्रमांकावर पोचली आणि त्याच महिन्यात करोनाने सगळ्या स्पर्धा थांबल्या. रँकिंग गोठवलं गेलं. टेनिसच्या इतिहासात एवढाच काळ असा असावा की बॅगेतल्या तारा सैल पडत होत्या आणि गुण जागचे हलत नव्हते. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये तिने मेलबर्नला कामिला राखिमोव्हाबरोबर दुहेरीची डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकली आणि दुहेरीत पहिल्या शंभरात आली. आपल्याकडे मोठी चढाई दुहेरीच्या वाटेनेच होते असं दिसतं. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१६ मध्ये सानियाबरोबर रिओ ऑलिंपिकला गेली, ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. एकेरीत भारतीय मुली मागे का, यावर चर्चासत्रं होतात. त्यांत हिशेबाची वही फारशी कोणी उघडत नाही. वर्षात पंचवीस आठवडे स्पर्धा आणि आठवड्याला चार गटिंग धरलं तर शंभर गटिंग होतात, म्हणजे १,२०० मीटर तार, सहा रिळं संपून सातवं उघडावं लागतं. मोठ्या नावांना दर सामन्याला ताज्या रॅकेटा मिळतात. डब्ल्यू १५ वर मुलगी दुसऱ्या रॅकेटची तार आणखी एक सामना टिकेल का, याचा विचार करत झोपते.

नाशिकच्या मुलीला वर हवामानाचा हिशेब. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर. हवा थोडी विरळ, चेंडू थोडा जास्त जातो. तीच मुलगी मुंबईला खेळायला उतरली की तिथे चेंडूची लोकर दमट हवेत ओलावते, चेंडू जड येतो आणि तिचे फटके आखूड पडतात. एक-दोन पाउंड उतरवून तार लावली की फरक जाणवतो. जानेवारीत, निफाडचा पारा वर्तमानपत्रात छापून येतो त्या दिवसांत, सकाळी साडेसहाला चेंडू दगडासारखा असतो आणि तार काठीसारखी. तेव्हाही दोन पाउंड कमी. एप्रिलमध्ये उलट, तार गरम होऊन सैल वागते, एक-दोन वाढवावे. आणि रॅकेट गाडीच्या डिकीत कधीच ठेवू नये. गंगापूर रोडला दुपारी दोन तास उन्हात उभी राहिलेली गाडी नव्या गटिंगचा जीव घेते.

बारा वर्षांच्या मुलीला पॉलिएस्टर नकोच. टीव्हीवर सगळ्या तेच वापरतात म्हणून वडील हट्टाने लावून घेतात. ते कडक असतं, धक्का मनगटात आणि कोपरात उतरतो. सानियाच्या मनगटाचं खापर तारेवर फोडायला काही आधार नाही. पण वाढत्या हाताला मऊ, बहुतंतू तार बरी हे सांगायला मोठ्या आधाराची गरजही नाही. तार महिन्यात दोनदा तुटायला लागली की पॉलिएस्टरचा विचार करावा. जिची तुटतच नाही, तिला ते कशाला?

जुनं गटिंग काढताना कात्री मधून लावायची आणि उभ्या-आडव्या आलटून पालटून कापत बाहेर जायचं. एक तार तुटली की बाकीच्याही लगेच कापाव्या, नाही तर एका बाजूची ओढ चौकट वाकडी करते. नवं झालं की गळ्याच्या आतल्या बाजूला छोटा कागद चिकटवून त्यावर दोन गोष्टी लिहून घ्याव्यात, पाउंड आणि तारीख. पाउंड गटिंगवाला न विसरता लिहितो. तारखेची आठवण मात्र मुलीनेच करून द्यायची, ‘काका, आजची तारीख टाका ना.’