एक कप दूध

गेल्या रविवारी हिने घरी पाव करायला घेतले. मळलेलं पीठ तीन तास झाकून ठेवलं, तरी होतं तेवढंच राहिलं. भाजून जे निघालं ते दाराला अडसर म्हणून चाललं असतं. "दुकानदाराने यीस्टच जुनं दिलंय," असा निकाल लागला.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक म्हणून काढलेल्या माणसाला अशा निकालावर गप्प बसवत नाही. सोमवारी त्याच पुडीतलं चिमूटभर यीस्ट कागदात बांधून नेलं. दोन परीक्षानळ्यांत साखरेचं पाणी, एकीत कोमट, दुसरीत कडकडीत. दोन तासिका झाल्यावर एकेक थेंब काचपट्टीवर घेतला आणि वर मेथिलीन ब्लू टाकलं. जिवंत पेशी या रंगाला आत टिकू देत नाही, मेलेली मुकाट निळी पडते.

कोमट पाण्यातल्या बहुतेक पेशी स्वच्छ, काहींना बारीक कळीही फुटलेली. दुसरी नळी सगळी निळी. म्हणजे दुकानदार सुटला. पंचावन्न-साठ अंशांपुढे यीस्ट तग धरत नाही, आणि रविवारी ते ज्या दुधात भिजवलं, ते दूध तापवून मीच दिलं होतं.

कलिकायनाची, म्हणजे कळी फुटून नवी पेशी होण्याची, आकृती पोरं दरवर्षी वहीत काढतात: मोठा गोल, त्याला चिकटलेला छोटा. आकृतीत नसलेली गोष्ट मला जास्त आवडते. लेक सुटी झाली की आईच्या पेशीभित्तिकेवर गोल व्रण राहतो, कायमचा. आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून तो नीट दिसत नाही, व्रणातल्या कायटिन या चिवट द्रव्याला धरून चकाकणारा खास रंग लागतो. पण व्रण मोजले की आईची बाळंतपणं कळतात. साधारण वीस-तीस झाली की ती थांबते आणि मरते. लेकीची मोजणी मात्र पहिल्यापासून. १९५९ साली मॉर्टिमर आणि जॉन्स्टन या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक लेक बाजूला सारत ही मोजणी केली. काय चिकाटी असेल!

पाव नि दारू हे उपयोग सगळ्यांना ठाऊक आहेत. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पीठ फुगवायला माडाची सूर घालत, तिच्यातही यीस्टच. (इडलीच्या पिठाचं श्रेय मात्र मुख्यतः जिवाणूंचं, हे मी घरात अनेकदा सांगून पाहिलंय.) पण नातीला जन्मल्या दिवशी हिपॅटायटिस बीची लस टोचली, तिथेही यीस्टच होतं हे सांगितलं तेव्हा सून चकित झाली. विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाचं जनुक यीस्टमध्ये घालतात, आणि ते प्रथिन यीस्ट करून देतं. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली अशी लस बाजारात आणली, तेव्हा कुठे ती आपल्याला परवडू लागली.

सोमवारी संध्याकाळी हे सगळं मी घरी रंगवून सांगितलं. शेवटी हिने विचारलं, "एका चमच्यात असतात तरी किती?"

"एका ग्रॅमला हजार कोटींच्या घरात."

"आणि तुम्ही एका कप दुधात सगळे मारलेत!"