टिप कधी फिरवायची?

अंगठ्याच्या नखाएवढा करड्या रंगाचा चौकोन. बाजू १५ मिलिमीटर, जाडी अडीच, चारही बाजूंना धार, मधोमध स्क्रूसाठी भोक. दहांची एक प्लास्टिकची डबी येते आणि डबीत प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा असतो, कारण एकमेकांवर आपटले तर कोपरे उडतात. स्पायरल हेडच्या रंधा मशीनमध्ये फिरणाऱ्या गोल ब्लॉकवर असे तीस-चाळीस चौकोन मळसूत्री रांगांत बसवलेले असतात. विकणारे त्यांना इन्सर्ट म्हणतात. भोसरीच्या मशीन शॉपमध्ये उमेदीची वर्षं काढलेला माझ्यासारखा माणूस टिप म्हणतो. निवृत्तीनंतर लोखंड सोडून लाकडाच्या नादी लागलो, तरी ती सवय सुटायचं काही कारण नव्हतं.

लोखंडात टिपेचा प्रश्न सरळ असतो. लेथवर एका धारेला किती जॉब काढायचे ते ठरलेलं असतं, तेवढे झाले की ऑपरेटर टिप फिरवून नवी धार पुढे आणतो. नाही फिरवली तर गेज लावणारा ओरडतो, माप बाहेर जातं, रिजेक्शनचा ढीग लागतो. लाकडात ओरडायला कोणी नाही. फळी मिलिमीटरच्या दोन दशांशाने जाड निघाली काय आणि पातळ निघाली काय, आपण तिला पुन्हा एकदा मशीनमध्ये सारतो. त्यात ही धार इतकी सावकाश मरते, की कालच्यापेक्षा आज वेगळं काही जाणवतच नाही. लोखंडात कधी पडला नाही असा हा प्रश्न मला लाकडाने घातला आहे: टिप फिरवायची कधी?

माझं मशीन धायरीला एका मिस्त्रींच्या शेडमध्ये असतं. सोसायटीत ते ठेवणं शक्य नव्हतं, आणि शेजाऱ्यांशी माझे संबंध मला टिकवायचे होते. मिस्त्री मूळचे राजापूरकडचे. त्यांच्याकडे सरळ पात्यांचं जुनं ओतीव लोखंडाचं मशीन आहे, माझ्याकडे हे स्पायरलवालं. एकाच छपराखाली दोन पंथ नांदतात.

मिस्त्रींच्या मशीनची पाती गेली की अर्धा दिवस जातो. पाती काढायची, ग्राइंडिंगला पाठवायची, सगळ्यांची रुंदी सारखी राहील यावर नजर ठेवायची, परत आली की बसवायची. बसवताना ते टेबलावर लाकडाची सरळ पट्टी ठेवून ब्लॉक हाताने फिरवतात. पातं पट्टीला किंचित स्पर्श करून तिला थोडं पुढे ओढतं. किती ओढलं ते पेन्सिलच्या खुणेने बघायचं. डाव्या टोकाला जेवढं, तेवढंच उजव्या टोकाला, आणि तेवढंच प्रत्येक पात्याला. त्यांचा हात असा बसलाय, की मी डायल गेज लावून पाहिलं तेव्हा शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्या टिपांना यातलं काहीच लागत नाही. स्क्रू सैल करा, चौकोन उचला, नव्वद अंशांत वळवा, आवळा. खाचेत बसला की उंची आपोआप मिळते. मिस्त्री हे सगळं बघत होते. म्हणाले, “म्हणजे यात आपण करायचं काय, साहेब?”

बोलले ते खरंच होतं. पण करायचं उरतं, ते वेगळ्याच ठिकाणी.

आधी या चौकोनाचं कूळ सांगतो, कारण ते लाकडाशी काही संबंध नसलेल्या घरातलं आहे. विजेच्या दिव्यातली टंगस्टनची तार ओढून बारीक करायला हिऱ्याचे साचे लागत आणि ते परवडत नसत. त्याला पर्याय शोधताना जर्मनीत ओसराम कंपनीच्या कार्ल श्रोएटरने टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टमध्ये बांधली आणि १९२३ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे क्रुप कंपनीने तोच माल ‘विडिया’ नावाने बाजारात आणला. आमच्या शॉपमधल्या ज्या माणसाला क्रुप माहीत नव्हता, श्रोएटर तर अजिबात नाही, तोही “विडिया टूल आण रे” म्हणायचा. माझी टिप याच मालाची. ही वस्तू ओतून करत नाहीत. पूड दाबून वडी पाडतात आणि १४०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. कोबाल्ट वितळून कण न् कण धरून ठेवतो आणि वडी प्रत्येक बाजूने जवळजवळ पाचव्या-सहाव्या हिश्शाने आक्रसते. एवढी आक्रसूनही नेमक्या मापात बाहेर येते, याचं मला नोकरीतही नवल वाटायचं.

आता सागवान. सागाच्या अंगात सिलिका असते, म्हणजे जिची वाळू बनते तीच. झाड ती जमिनीतून शोषून घेतं आणि लाकडात साठवतं. आपण दाराची चौकट म्हणून सागावर जीव टाकतो, पण पात्याच्या बाजूने पाहिलं तर ते जरा बारीक सँडपेपर कापण्याचंच काम आहे. हायस्पीड स्टीलचं पातं नवं असताना टिपेपेक्षा सरस धार देतं, हे मिस्त्रींचं म्हणणं मला मान्य आहे. त्यांच्या ताज्या पात्याखालून निघालेल्या फळीवर जी चकाकी येते, ती माझ्या मशीनला जमत नाही. फक्त सागावर ती चकाकी सकाळी असते आणि संध्याकाळी नसते. टिप पहिल्या दिवशी बरी असते आणि पुढे बरेच महिने बरीच राहते.

शिवाय पुण्यात जुना साग मुबलक मिळतो. वाडे पडतात, तुळया आणि वासे वखारीत येतात, आणि त्या लाकडाला नव्या सागाची सर नाही. पण शंभर वर्षांत त्यात कोणी काय काय ठोकलंय, कोणास ठाऊक. पाळण्याचा आकडा, कॅलेंडरचा खिळा, वायरिंगच्या पट्टीचे बारीक खिळे. डोकं तुटून आत राहिलेला खिळा मॅग्नेट फिरवूनही कधी कधी निसटतो. तो मिस्त्रींच्या मशीनमध्ये गेला तर सगळ्या पात्यांना एकाच जागी खाच पडते आणि पुढच्या प्रत्येक फळीवर तिथे एक उभा वरंबा उठतो. त्यावर त्यांची जुनी युक्ती अशी, की एक पातं बाजूला दोन मिलिमीटर सरकवायचं, म्हणजे एकाची खाच दुसरं झाकतं. माझ्याकडे त्या रांगेतल्या एखाददुसऱ्या टिपेचा कोपरा उडतो. तेवढीच वळवायची. कार्बाइड कठीण, पण ठिसूळ. ते वाकत नाही, तुकडा पडतो.

चार धारा, चौपट आयुष्य अशी जाहिरात असते. एका संध्याकाळी कागदावर हिशेब मांडला. चाळीस टिपा, प्रत्येकीच्या चार बाजू मिळून ६० मिलिमीटर, एकूण २.४ मीटर धार. तेरा इंची मशीनची तीन सरळ पाती घेतली तर जेमतेम एक मीटर, आणि दोन्हीकडून धार असली तर दोन मीटर. म्हणजे धारेच्या लांबीत फार मोठं घबाड नाही. त्यातही ब्लॉकच्या एका फेऱ्यात फळीवरच्या एखाद्या जागेला सरळ पाती तीनदा भेटतात, टिपा सरासरी दोनदासुद्धा भेटत नाहीत. खरी कमाई आहे कार्बाइडच्या कठीणपणाची, आणि तिरकं बसून थोडंथोडं कापण्याची. त्यामुळे फळीची अख्खी रुंदी एका फटक्यात सोलायची वेळ येत नाही, उलट्या रेषांचं लाकूड उपटून येत नाही आणि मशीन किंचाळत नाही. शेडमागच्या घरातल्या आजी या शेवटच्या मुद्द्यावर पूर्णपणे माझ्या पंथात आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. फळी घालताना हात आपोआप मधोमध जातो. चार-पाच इंची पट्ट्या तर सगळ्या मधूनच. त्यामुळे मधल्या टिपा मरतात आणि कडेच्या कोऱ्याच्या कोऱ्या बसून राहतात. फिरवायच्या तर सगळ्या एकदम फिरवायच्या की मधल्याच? मधल्याच वळवल्या तर त्यांची ताजी धार शेजारच्या झिजलेल्या धारेपेक्षा केसभर उंच येते. फरक मोजायला गेलात तर मिलिमीटरच्या काही शतांशांचा. पण पॉलिशचा पहिला हात बसला आणि खिडकीचा उजेड आडवा आला, की तीच रेघ टेबलभर दिसते. सगळ्या एकदम फिरवल्या तर कडेच्या टिपांची न वापरलेली धार वाया. यावर मी काढलेला तोडगा असा, की अरुंद पट्ट्या मुद्दाम कधी डावीकडून, कधी उजवीकडून घालायच्या आणि झीज वाटून टाकायची. मिस्त्री माझ्या मशीनवर पट्टी घालतात तेव्हा ती मधोमधच जाते. मी सांगतो, ते “हो, हो” म्हणतात, आणि पुढची पट्टीही मधोमध.

धार गेल्याच्या खुणा असतात, पण एकही निर्विवाद नाही. आवाज जाड होतो. पट्टी आत जाताना अडते. गाठीभोवतीचे रेषे उपटतात. आंब्याच्या फळीवर लव येते. मात्र पावसाळ्यात दमट आंब्यावर कोऱ्या टिपेनेही लव येते, तेव्हा जुलैमधला निकाल मी ग्राह्य धरत नाही. मिस्त्री फळीवरून तळहात फिरवतात आणि सांगतात, “अजून आठ दिवस जाईल.” आठ दिवसांनी पुन्हा हात फिरवून तेच सांगतात.

फिरवायला बसलं की मात्र कसर चालत नाही. टिपेखालच्या खाचेत सागाचा तेलकट भुसा चिकटून बसलेला असतो. त्याचा एक कण राहिला तरी टिप उचललेली बसते आणि पुन्हा तीच रेघ. थिनर, जुना टूथब्रश, फडकं, आणि प्रत्येक खाच वेगळी पुसायची. स्क्रू टॉर्क पान्याने साडेपाच न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचा. जास्त आवळला तर टिपेला तडा जातो, कमी आवळला तर ती हजारो फेऱ्यांच्या वेगात सुटते, आणि ती कुठे जाईल याचा विचार मी करत नाही. चाळीस टिपा म्हणजे दोन चहांचं काम. टिपेच्या एका कोपऱ्यावर बारीक खूण असते. सगळ्या खुणा एकाच दिशेला ठेवल्या की कितवी बाजू चालू आहे ते कळतं. मी तारखेसह वहीतही लिहितो. चाळीस टिपांची वही ठेवणाऱ्या माणसाबद्दल घरी काय बोललं जातं, ते इथे लिहिण्याची गरज नाही.

चारही बाजू संपलेल्या टिपा मी डब्यात टाकतो. भंगारवाला कार्बाइड वेगळं तोलून घेतो आणि लोखंडाच्या कित्येक पट भाव देतो, पण डबा भरायला वर्षं लागतील. मधल्या काळात त्यावर मिस्त्रींची नजर गेली. त्यांनी शिसवीच्या मुठीत एक टिप स्क्रूने बसवली आणि जुन्या दारांवरचा ऑइलपेंट खरवडायचं हत्यार केलं. रंगाचे पापुद्रे सरसर निघतात, आणि टिप बोथट झाली तर डब्यात दुसरी आहेच. आता अधूनमधून येऊन डबा जमिनीवर पालथा करतात, चष्मा कपाळावर चढवून एकेक टिप उजेडात धरतात. परवा एक माझ्यापुढे केली. “साहेब, हिच्या दोनच बाजू वापरल्यात तुम्ही.” मी वही काढली. वहीत चार लिहिल्या होत्या. त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही, नखावरून धार ओढून दाखवली आणि टिप खिशात टाकली.