घारीच्या मागे

आज दुपारी फुटाळा तलावाच्या काठावर शेजारच्या काकांसोबत तासभर नुसता वर पाहत उभा होतो. काका सत्तरी ओलांडलेले, तरुणपणी पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकलेले. एक घार पंख न हलवता गोल गोल वर चढत होती. "पाहा, तिला थर्मल सापडला," ते म्हणाले. थर्मल म्हणजे तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा. आपल्या नागपूरच्या उन्हाचा असाही उपयोग असेल, हे कधी मनात आलं नव्हतं!

मग ग्लायडर उडवणाऱ्यांना मिळणाऱ्या सिल्व्हर बॅजची गोष्ट निघाली. इंजिनाशिवाय ५ तास हवेत राहायचं, १,००० मीटर उंची कमवायची, ५० किलोमीटर अंतर कापायचं. स्पर्धेत पुढे वेगाचं गणित येतं: कोणत्या थर्मलमध्ये थांबायचं, कोणता सोडून द्यायचा. अमेरिकेचा पॉल मॅकक्रेडी लहानपणी विमानांची मॉडेल्स करायचा. त्यानंच पुढे हे गणित मांडलं आणि १९५६ मध्ये फ्रान्सला ग्लायडिंगचा विश्वविजेता झाला. असाच दुसरा ग्लायडिंग विश्वविजेता, पोलंडचा सेबास्टियन कावा, तर पेशानं डॉक्टर, आणि आधी शिडाच्या बोटींच्या शर्यतीत उतरायचा. वारा पाण्यावर ओळखला आणि मग आकाशात गेला, हे मला फार भावलं.

काकांचे ५ तास मात्र राहूनच गेले. नोकरी लागली, नागपूर गाठलं. हे सांगतानाही त्यांची नजर घारीवरच होती. सेमिनरी हिल्सच्या बाजूला ती ठिपका होऊन दिसेनाशी झाली, तरी आम्ही तिथेच उभे होतो.