स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर: ट्रायलपासून बॅटरीपर्यंत

मणक्याचं ऑपरेशन होऊनही पायातली जळजळ आणि करंट मारल्यासारख्या कळा थांबत नव्हत्या. गॅबापेंटिन आणि ड्युलॉक्सेटिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या घेऊनही फारसा उतार पडेना, तेव्हा पेन स्पेशालिस्टनी स्टिम्युलेटरचा, म्हणजे मज्जारज्जूजवळ तार बसवून हलका करंट देणाऱ्या यंत्राचा, पर्याय पुढे ठेवला. या उपचाराचा खरा निकाल ट्रायलच्या, म्हणजे तात्पुरती तार बसवून बघण्याच्या आठवड्यात लागतो, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

आधी थोडं तत्त्व. वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये ‘गेट’ची कल्पना मांडली: जाड तंतूंमधून स्पर्शाचे संदेश भरपूर गेले की बारीक तंतूंकडून येणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच अडतात. 1967 मध्ये न्यूरोसर्जन शीली यांनी त्यावर आधारित पहिलं इलेक्ट्रोड रुग्णाला बसवलं. नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये (करंटच्या सेटिंगमध्ये) दुखऱ्या जागी मुंग्या येतात; आजचे 10 किलोहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला 10 हजार ठोके देणारे प्रोग्रॅम मुंग्या न आणताही दुखणं कमी करतात, म्हणजे सगळं श्रेय एकट्या गेटला देता येत नाही. आणि दुखावलेली नस यातून बरी होत नाही, फक्त दुखणं दबतं.

तयारीत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न सगळ्यात नाजूक. कुठली गोळी किती दिवस आधी बंद करायची हे ती लिहून देणारे डॉक्टर आणि पेन स्पेशालिस्ट यांनी मिळून ठरवायचं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. दाढेत पू, लघवीत जंतुसंसर्ग किंवा पाठीवर फोड असेल तर तारीख पुढे ढकललेली बरी. मानसिक मूल्यमापनही होतं. त्याचा अर्थ ‘दुखणं मनाचं आहे’ असा नाही; उपचार न झालेल्या नैराश्यात निकाल खराब येतात, म्हणून ते करतात.

ट्रायलसाठी पालथं झोपवून पोटाखाली उशी देतात. जागा बधिर करून, एक्स-रेवर बघत, साधारण 14 गेजची वाकड्या टोकाची सुई कंबरेच्या वरच्या भागातून एपिड्युरल जागेत, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत नेतात. तिच्यातून तार वर सरकवतात. पायाच्या दुखण्यासाठी तिचं टोक बहुतेकदा छातीच्या आठव्या ते दहाव्या मणक्याच्या आसपास थांबतं. एका तारेवर साधारण 8 संपर्कबिंदू असतात. मुंग्या आणणारा प्रोग्रॅम असेल तर इथे जागं ठेवून विचारतात, ‘कुठे जाणवतंय?’ उत्तर नेमकं द्या: ‘पोटरीच्या बाहेरून घोट्यापर्यंत, पण तळव्यात नाही.’ बरगडीत किंवा पोटावर पट्टा आवळल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा. तार मध्यरेषेपासून बाजूला जाऊन नसेचं मूळ पेटतंय, असा त्याचा अर्थ असतो, आणि ती सरकवायला तेवढाच वेळ हातात असतो.

तार बाहेर काढून पाठीवर चिकटवतात, बॅटरी कमरेच्या पट्ट्यावर. साधारण 3 ते 10 दिवस असं राहायचं. आंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचं. वाकणं, पीळ देणं, जड उचलणं बंद.

नोंदवही ठेवा, पण नुसते दहापैकी आकडे लिहू नका. किती वेळ उभं राहता आलं, किती चाललो, रात्री किती वेळा जाग आली, जादा गोळी लागली का, हेही लिहा. सुईच्या जागेचं दुखणं वेगळ्या रकान्यात, नाहीतर ते जुन्या दुखण्यात मिसळतं. पहिल्या दिवसाच्या आरामावर माझा तरी विश्वास बसत नाही. त्यात भुलीचा आणि आशेचा वाटा असतो. प्रोग्रॅम एका वेळी एकच बदला. 10 किलोहर्ट्झचा परिणाम यायला दिवसभर किंवा जास्तही लागू शकतो. दुखणं निम्म्याने कमी झालं आणि वावर वाढला, तर ट्रायल यशस्वी मानतात. ‘थोडं बरं वाटतंय’ एवढ्यावर कायमची बॅटरी घेऊ नये.

आराम अचानक गेला तर बहुधा तार सरकलेली असते. ती थोडी खालीवर झाली असेल तर दुसरे संपर्कबिंदू चालू करून भागतं. बाजूला गेली असेल तर सहसा नाही. ताप, जखमेतून स्राव, बसल्यावर वाढणारी डोकेदुखी, पायातली नवी कमजोरी, लघवीवरचा ताबा जाणं: यात सकाळची वाट बघू नका.

कायमच्या ऑपरेशनमध्ये तार आतल्या घट्ट पडद्याला टाक्यांनी बांधतात, जवळ सैल वेढा ठेवतात आणि बॅटरी बहुतेकदा नितंबाच्या वरच्या भागात बसवतात. जागा आधीच, कपडे घालून, बसून ठरवा: पट्ट्याची रेघ टाळा, झोपायची कूस टाळा, हात पोचला पाहिजे. चार्ज होणारी बॅटरी फार खोल गेली तर चार्जर तिला नीट पकडत नाही. पुढचे 6 ते 8 आठवडे वाकणं, वळणं, हात डोक्यावर नेणं आणि दोन-अडीच किलोंहून जास्त उचलणं टाळायचं. तोवर तारेभोवती व्रण धरतो.

मुंग्यांच्या प्रोग्रॅममध्ये उताणं झोपलं की मज्जारज्जू तारेजवळ येतो आणि तोच करंट एकदम जोरात लागतो. झोपण्याआधी रिमोटवर एक-दोन पायऱ्या कमी करायच्या. गाडी चालवताना हा प्रोग्रॅम बंद. फिजिओथेरपीतली डायथर्मी (लहरींनी खोलवर दिलेला शेक) कायमची वर्ज्य, यंत्र बंद असलं तरी. एमआरआयआधी यंत्राचं कार्ड दाखवा. सगळ्या मॉडेलना सगळे स्कॅन चालत नाहीत. आणि आराम पडला म्हणून गॅबापेंटिन एका झटक्यात सोडू नका, डॉक्टरांना विचारून डोस टप्प्याटप्प्याने उतरवा.