सावलीतली कॉफी

पैसे मोजून पाहुणा व्हायचं, हा प्रकारच मुळात थोडा अवघड. हॉटेलात आपण गिऱ्हाईक असतो, मावशीकडे गेलो की पाहुणे असतो. दोन्हीकडे कसं वागायचं ते न शिकवता जमतं. होमस्टेमध्ये मात्र जेवल्यावर ताट आपलं आपण उचलायचं की नाही, इथपासून घोळ सुरू. उचलावं तर घरधनीण संकोचते, न उचलावं तर आपल्याला चैन पडत नाही.

उत्तर थायलंडातलं मे काम्पोंग हे डोंगरातलं गाव असल्या अवघडलेल्या पाहुण्यांवर चालतं. पाहुण्यांवर आणि कॉफीवर. चियांग माई शहरापासून पूर्वेला साधारण 50 किलोमीटर. वाटेत सान काम्फेंगचे गरम पाण्याचे झरे लागतात. तिथे लोक छोट्या टोपलीत अंडी घालून ती उकळत्या पाण्यात सोडतात आणि शिजेपर्यंत जवळच्या कोमट पाटात पाय बुडवून बसतात. (अंड्यांचं पाणी वेगळं, पायांचं वेगळं. मी आधी खात्री करून घेतली.) तिथून पुढे घाट लागतो, हवा गार होत जाते, आणि रस्ता इतका अरुंद होतो की समोरून गाडी आली की कुणीतरी मागे जायचं.

गाव म्हणजे एक ओढा आणि त्याच्या कडेकडेने वर चढत गेलेली लाकडी घरं. कौलांवर शेवाळ, कुंपणाला नेचे, आणि ओढ्याचा आवाज कुठेही जा, पाठ सोडत नाही. देवळातला उबोसोत, म्हणजे भिक्खूंच्या विधींची वास्तू, तर वाहत्या पाण्याच्या मधोमधच बांधलाय. या ओढ्याने गावाला वीजही दिली. सरकारी तारा डोंगरात पोहोचण्याआधी, 1980च्या दशकात, गावकऱ्यांनी ओढ्यावर छोटं जलविद्युत केंद्र उभं केलं आणि सहकारी पद्धतीने चालवलं.

दुपारी मात्र हे गाव बघू नये. दुपारी ते शहरातून आलेल्यांचं असतं. ओढ्यावर पुढे काढलेल्या लाकडी गच्च्यांमध्ये कॉफीची दुकानं, आणि प्रत्येक गच्चीच्या कठड्याशी फोटोसाठी रांग. एका कपाभोवती पाच जण, आणि त्यातला पिणारा कोणी नाही. ऊन कलायला लागलं की व्हॅन एकामागून एक खाली उतरतात. मग दुकानांच्या फळ्या लागतात, घरांची दारं उघडतात, आणि इतका वेळ कुठे होती कोण जाणे, अशी कुत्री रस्त्याच्या मधोमध येऊन पसरतात. मुक्काम करणार नसाल तर या गावी जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाहुण्याने घर निवडायचं नसतं. 2000 सालापासून इथे होमस्टे सुरू झाले, तेव्हापासून पाहुणे घरांमध्ये पाळीने वाटले जातात आणि पैशांतला काही वाटा गावाच्या निधीत जातो. त्यामुळे जास्त चांगला फोटो टाकणाऱ्याचं घर भरलं आणि शेजारी माश्या मारत बसला, असं होत नाही. माझ्या वाट्याला आलेल्या घरच्या बाई साठीच्या पुढच्या. मी मनातल्या मनात त्यांना मावशी करून टाकलं. आमचं बोलणं निम्मं हातवाऱ्यांनी आणि निम्मं फोनच्या कृपेने चाललं होतं. संध्याकाळी शेजारच्या घरातले एक आजोबा आले आणि काहीतरी पुटपुटत त्यांनी माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. इथल्या समजुतीप्रमाणे माणसाच्या अंगात 32 प्राण असतात आणि प्रवासात, दगदगीत त्यातले काही मागे रेंगाळतात. त्यांना हाका मारून परत बोलवायचं आणि दोऱ्याने बांधून ठेवायचं. घाटातली वळणं आठवून मला हे अगदी पटलं.

जेवण बुटक्या गोल चौरंगीवर. बांबूच्या टोपलीत चिकट भात, तो बोटांनी गोळा करून बुडवून खायचा. कशात? तर भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे कुटून केलेल्या नाम फ्रिक नुममध्ये. ठेच्याची सख्खी बहीण, फक्त सासर समुद्राकाठचं. माशाच्या अर्काचा वास येतो.

जेवणानंतर मावशींनी मियांग काढलं, आणि कॉफीच्या आधीचं गाव माझ्यापुढे आलं. मियांग म्हणजे चहाचीच पानं, पण पिण्याची नव्हेत. पानं वाफवायची, जुड्या बांधायच्या, आंबवायच्या आणि मग मिठाच्या खड्याबरोबर, आल्याच्या तुकड्याबरोबर गालात धरून चघळायची. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डोई साकेत भागातून माणसं या डोंगरात आली ती या पानांसाठीच. गाव वसलं ते मियांगवर. पुढे चघळणारी पिढी म्हातारी झाली आणि मागणी आटत गेली. थायलंडचे राजे भूमिबोल यांनी 1969 साली डोंगराळ भागासाठी शाही प्रकल्प सुरू केला होता. इतर डोंगरांत त्याचं मोठं काम होतं ते अफूच्या जागी दुसरी पिकं आणण्याचं; इथे अफूचा प्रश्न नव्हता, मियांगला जोड हवी होती. जवळच्याच ‘तीन तोक’ नावाच्या ठिकाणी असलेल्या प्रकल्पाच्या केंद्रातून ती आली : अरेबिका कॉफी.

कॉफी आली म्हणून जंगल तोडावं लागलं नाही, ही मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट. अरेबिका मूळची इथिओपियाच्या जंगलातली, मोठ्या झाडांखाली वाढणारी. उघड्या उन्हाचा तिला फार सोस नाही. मियांगची झाडंही रानातल्याच सावलीत होती. त्यांच्या शेजारी, जिथे फट दिसली तिथे, कॉफीची रोपं बसली. दुसऱ्या दिवशी मावशींमागून रानात गेलो, तर बाग कुठे सुरू होते आणि जंगल कुठे संपतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पाहुणेही गावात साधारण तसेच बसवलेत : घर पाडून लॉज न बांधता, मुलं शहरात गेल्यावर रिकाम्या राहिलेल्या खोलीत.

तोडणीचे दिवस होते. एकाच फांदीवर हिरवी, पिवळट आणि लालभडक फळं शेजारी शेजारी असतात, त्यामुळे फांदी ओरबाडून चालत नाही. पिकलेलं तेवढं वेचायचं, आणि उरलेल्यासाठी पुन्हा त्याच झाडाशी यायचं. मावशींनी एक लाल फळ माझ्या तळव्यावर चिमटीने दाबलं. दोन बिया सुळकन बाहेर आल्या, पोटाला पोट लावून बसलेल्या, अंगावर बुळबुळीत चिकट थर. जिभेवर ठेवल्या तर गोडसर लागतात. कॉफीचा मागमूस नाही. तो थर पाण्यात भिजवून, आंबवून, धुऊन काढायचा, मग बिया वाळवायच्या. वाळल्या की वरचं कागदासारखं टरफल मुठीत खुळखुळतं. पाच-सहा किलो फळांतून किलोभर कच्ची कॉफी निघते, आणि ती भाजताना आणखी हलकी होते. कपाच्या किमतीबद्दल घासाघीस करण्याची इच्छा तिथेच गेली.

मावशींच्या पुतण्याचं खालच्या वळणावर कॉफीचं दुकान. मुलगा शहरात राहून परत आलेला, कामात तरबेज आणि तितकाच कडक. काट्यावर ग्रॅम मोजून पूड घेतो, पाण्याचं तापमान बघतो, बारीक धारेने ते गोल गोल ओततो, आणि समोरच्याने पहिला घोट घेईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. कॉफी सुरेख होती, आंबटसर, हलकी. दूध, साखर? नाव काढायचं नाही.

घरी मावशी स्वतः काय पितात हे मी पाहिलं होतं. सकाळी गरम पाणी, त्यात दुकानातून आणलेली थ्री-इन-वनची (कॉफी, दुधाची पूड, साखर सगळं एकत्र) पुडी, वर अजून चमचाभर साखर. निघताना मी घरच्या कॉफीचं पाकीट घेतलं, तेव्हा पुतण्याही तिथे होता. त्याने फोनवर टाइप करून विचारलं, घरी ही कशी करणार? मी प्रामाणिकपणे लिहिलं : दुधात उकळून, साखर घालून. वाचून त्याचा चेहरा पडला. मावशींनी फोन त्याच्या हातातून घेतला, उत्तर वाचलं, आणि एवढ्या मुक्कामात पहिल्यांदाच एखाद्या घरच्या माणसाच्या पाठीवर मारावी तशी माझ्या पाठीवर सणसणीत थाप मारली.