शेठनी विकत घेतलेलं कार्ड

आमच्या शाळेतली गिफ्ट कार्डांची योजना एका विश्वस्तांच्या अमेरिकावारीतून आली. तिकडे नातवाच्या शाळेत त्यांनी पाहिलं, की पालक नेहमीच्या दुकानांची कार्डं शाळेकडून छापील किमतीला घेतात, शाळेला ती सवलतीत मिळालेली असतात आणि मधला फरक शाळेच्या निधीत जातो. स्क्रिप म्हणतात त्याला. विश्वस्त ठाण्याला परतले आणि थोड्याच दिवसांत ते सगळं प्रकरण माझ्या टेबलावर आलं. मी शाळेची लेखापाल. प्रयोगशाळेचे ओटे आणि नळ बदलायचे होते, नुसत्या फीच्या भरवशावर ते कधी झाले असते देव जाणे. पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, ‘तुमच्या खिशातून एक पैसाही जास्त जाणार नाही.’

बाहेरच्यांना वाटतं, कार्डं आणायची आणि वाटायची. दर गुरुवारी मागणीच्या चिठ्ठ्या आणि पैसे जमा होतात, शुक्रवारी वितरकाला आगाऊ भरणा, मग कार्डं येतात. येतात ती निर्जीव. वितरक ती चालू करेपर्यंत तो नुसता प्लास्टिकचा तुकडा. चालू झालं की मात्र रोख रक्कमच. म्हणून माझ्या रजिस्टरात प्रत्येक कार्डाचा क्रमांक, रक्कम, वर्ग, पालकाची सही आणि ‘खरवडपट्टी शाबूत’ असा वेगळा रकाना आहे. खरवडपट्टी म्हणजे कार्डाचा गुप्त क्रमांक झाकणारी पट्टी. कपाटाला दोन किल्ल्या, एक माझ्याकडे, एक मुख्याध्यापिकांकडे. या खात्यात आजवर रुपयाचाही फरक निघालेला नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण इतर कोणी सांगत नाही. ऑडिटर जीएसटीवरून अडून बसले, तेव्हा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं 31 डिसेंबर 2024 चं परिपत्रक मीच शोधून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यात स्पष्ट आहे, की व्हाउचर, म्हणजे असं कार्ड, स्वतः विकत घेऊन पुढे विकलं तर मधल्या फरकावर कर नाही. कमिशनवर एजंट म्हणून काम केलं तर कमिशनवर आहे. आमचं पहिल्या प्रकारात बसतं.

फरक किती? कपड्यांच्या कार्डावर शंभराला सहा-सात रुपये, हॉटेलांवर त्याहून जास्त, किराणा मालाच्या सुपरमार्केटवर जेमतेम दोन-अडीच. पण कपडे दिवाळीला, किराणा दर महिन्याला. योजनेचा निम्मा पैसा या दोन-अडीच रुपयांतूनच उभा राहतो.

इथवर ठीक होतं. मग पर्यवेक्षिकाबाईंनी जिन्याजवळ फळा लावला, कुठल्या वर्गाची किती कार्डं खपली त्याचा. पहिल्या येणाऱ्या वर्गाला आइस्क्रीम. बाई उत्साही आहेत आणि उत्साही माणसाला थांबवणं आमच्या शाळेत कोणाला जमत नाही.

दिवाळीआधीच्या एका गुरुवारी खिडकीवर रांग असताना शेठ आले. शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांचं किराणा दुकान आहे, दोन्ही मुलं आमच्याकडे. रांग संपेपर्यंत बाकावर बसून राहिले. मग आत येऊन टेबलावर दोन हजारांचं कार्ड ठेवलं, त्याच सुपरमार्केटचं.

“मॅडम, हे परत होईल का?”

“विकलेलं कार्ड परत होत नाही, शेठ. मागे छापलंय तसं. खरवडलंत का?”

“मी कशाला खरवडू? मी काय तिथे डाळ आणायला जाणार?”

“मग घेतलंत कशाला?”

“धाकट्याचा वर्ग खाली होता ना फळ्यावर.”

रजिस्टर उघडलं. सही त्यांच्या मिसेसची होती, पट्टी शाबूत, सगळं नियमात. मला काही बोलता येईना. शेठनी पिशवीतून उधारीची वही काढली. नावांवर अंगठा ठेवून एकेक पान दाखवत गेले. “नावं नका बघू, आकडे बघा.” जूनपर्यंत महिन्याची अख्खी यादी, पुढे नुसतं दूध, ब्रेड, कोथिंबीर. नाव झाकलं तरी एक-दोन आकड्यांवरून घर मला ओळखू आलं, कारण त्याच घराची किराणा कार्डं मी दर महिन्याला देते.

मग ते म्हणाले ते माझ्या डोक्यातून जात नाही. “माझं गिऱ्हाईक आधी खातं, मग पैसे देतं. तुमच्या कार्डात गिऱ्हाईकच आधी दुकानाला पैसे देतं. ज्याच्याकडे आधी द्यायला आहेत तोच तुमच्या फळ्यावर.” आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांतल्या मुलांचे पालक माझ्या खिडकीवर कधी येत नाहीत, ते मला माहीत होतं. ते शेठच्या वहीत आहेत.

त्यांनीच तोडगा काढला: त्यांच्या दुकानाचं कूपन शाळेनं विकावं, शंभराला दोन रुपये शाळेला. “तेल-साखर सोडून. त्यात मलाच काही सुटत नाही.” एखाद्या दुकानानं फक्त स्वतःच्या मालासाठी काढलेल्या कूपनाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, हे मला ठाऊक होतं. बातमी गल्लीत पसरली आणि स्टेशनरीवाले नि गिरणीवाले म्हणाले, आमचंही त्याच कूपनात घाला. ते मी ठामपणे नाकारलं. वेगवेगळ्या दुकानांत चालणारं एकच कूपन काढलं की आपण भलत्याच नियमांत शिरतो. ज्यानं त्यानं आपापलं काढावं. नमुना मीच केला: फाडायची अर्धी बाजू, अनुक्रमांक, दुकानाचा शिक्का, शाळेचा शिक्का, साध्या झेरॉक्समध्ये हिरवी उमटणार नाही अशी हिरव्या शाईची सही.

विश्वस्त म्हणाले, “याला मॉलच्या कार्डासारखी शान नाही.” तरी दिवाळीपुरती परवानगी मिळाली. कूपनं खपली, थोडीच खपली, बहुतेक शिक्षकांनी घेतली. फळा मुख्याध्यापिकांनी काढायला लावला. पर्यवेक्षिकाबाई त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

शेठचं कार्ड शेवटी मी छापील किमतीला घेतलं. मी त्या सुपरमार्केटमध्ये जाते, घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला दुसरं जवळ काही नाही.

आता शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीपुढे विषय आहे, किराणा कार्डं बंद करायची का. केली तर निम्मा निधी जातो आणि नळ पुढच्या वर्षावर. मी दोन्ही बाजूंचे आकडे मांडलेत. गल्लीतल्या दुकानांचं काय झालं याचा मात्र आकडा माझ्या कुठल्याच रजिस्टरात नाही, तो शेठच्या वहीत आहे. बैठकीत बसता येईल का, असं त्यांनी विचारलंय. समितीत पालकांची नावं चिठ्ठ्या टाकून निघतात, शेठचं निघालेलं नाही. निमंत्रित म्हणून बोलवावं, असं मी मुख्याध्यापिकांना लेखी दिलंय. त्यांनी कागदावर ‘चर्चा करू’ एवढा शेरा मारून तो परत पाठवलाय.