तीन नरसाळी आणि बत्तीस किलोमीटर

आपल्या शाळेत सहल वेगळी आणि क्षेत्रभेट वेगळी, हे आठवीत पाऊल टाकताच कळायचे. सहलीला डबा आणि हौस एवढे पुरे असे. क्षेत्रभेटीचा विषय निघाला की भूगोलाचे सर आधी फळ्यावर एक प्रश्न लिहीत. त्याचे उत्तर कुठे मिळेल, तिथे काय मोजायचे, कशाने मोजायचे आणि ते काम कुणाचे, हे वर्गात ठरेपर्यंत सर एसटीचे नावही काढत नसत. या शिस्तीबद्दलची कृतज्ञता इतकी वर्षे मनात आहे. अमृतमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने ती कागदावर उतरवतो.

१९९३ च्या जूनमध्ये आम्ही नववीत होतो. फळ्यावर प्रश्न आला : ‘महाबळेश्वरात एवढा पाऊस, मग वाईत का नाही?’ वाईच्या पोराला यात विचारण्यासारखे काय वाटणार? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “महाबळेश्वर उंचावर आहे म्हणून!” सर म्हणाले, “बरं. मग पाचगणीचं काय?”

त्यांनी भारतीय सर्वेक्षण विभागाचे दोन नकाशे टेबलावर पसरले. ४७ जी/१३ वर वाई आणि पाचगणी, शेजारच्या ४७ जी/९ वर महाबळेश्वर. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या दोन समोच्चरेषांमध्ये वीस मीटरचा फरक. आम्ही पेन्सिलीच्या टोकाने रेषा मोजत पसरणीचा घाट चढलो. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या जरा वर. घाट संपला की पाचगणी जवळजवळ तेराशेवर. तिथून महाबळेश्वरापर्यंत मात्र रेषा फारशा वाढतच नाहीत. ते चौदाशेच्या आत राहते. म्हणजे सगळा चढ वाई ते पाचगणी या टप्प्यातच संपतो.

आता खरा पेच पडला. पाऊस नुसत्या उंचीवर ठरत असेल, तर पाचगणीला महाबळेश्वरच्या जवळपास पडायला हवा. सह्याद्रीच्या माथ्यापासून आपण किती लांब, यावर ठरत असेल, तर पाचगणीचा आकडा बराच खाली यायला हवा, कारण महाबळेश्वर माथ्यावरच आहे आणि पाचगणी त्याच्या पूर्वेला. दोन म्हणणी, आणि निकाल देणारे ठिकाण एकच. नुसत्या वाईत आणि महाबळेश्वरात वर्षानुवर्षे पाऊस मोजला असता तरी यातले कोणते खरे ते कळले नसते. पुढे अनेक हुशार माणसांबरोबर काम केले, पण मोजमाप कुठे घ्यायचे हे आधी प्रश्नाला विचारायचे असते, हे त्या दुपारइतके स्वच्छ मला कुणी दाखवले नाही.

मग पर्जन्यमापक. विकतचा परवडणारा नव्हता. एका मित्राने पाण्याची लिटरची बाटली कापून आणली. सरांनी ती बाजूला न टाकता हिशेब घालायला लावला. बाटलीचा व्यास आठ सेंटिमीटर, तोंडाचे क्षेत्रफळ साधारण पन्नास चौरस सेंटिमीटर. म्हणजे दोनशे मिलिमीटर पावसात बाटली काठोकाठ. जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात त्याहून जास्त पाऊस होतो. बाटली वाहून गेली की नोंदही गेली! तेव्हा रॉकेलच्या दुकानात मिळतात तशी पत्र्याची तीन नरसाळी आणली, तिन्हींचे तोंड बरोबर दहा सेंटिमीटर, आणि खाली तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन. कॅनमधले पाणी प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात ओतायचे, ७.८५ मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. हा भागाकार आम्हाला सरावाने इतका पाठ झाला की गणिताच्या बाईंनी कौतुक केले.

कॅन कुठे ठेवायचा, यावर एक पूर्ण तास गेला. झाडाखाली नको, पागोळ्यांखाली नको. जवळच्या भिंतीची जेवढी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. नरसाळ्याचे तोंड जमिनीपासून वीतभर तरी वर, नाहीतर आजूबाजूचे शिंतोडे आत उडतात. हवामान खाते सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजते, म्हणून आमचीही वेळ तीच. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत एका मित्राच्या मामांचे दुकान होते, पाचगणीला वर्गातल्या एकीची आत्या राहायची. दोघांनीही पावसाळाभर हे काम घरचे कार्य असल्यासारखे केले. आकडा चिठ्ठीवर लिहून ते सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे देत आणि आम्ही वाईच्या स्टँडवर ती घ्यायला उभे असू. ओल्या हातांनी लिहिलेल्या त्या चिठ्ठ्यांवरची शाई कधी कधी फुटलेली असायची. जुलैतल्या एका सकाळी मामांच्या चिठ्ठीवर दोनशेच्या वरचा आकडा होता, आणि आमच्या मैदानावरच्या कॅनचा तळ जेमतेम ओला. मधले अंतर रस्त्याने बत्तीस किलोमीटर!

ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर प्रत्यक्ष वाटेने गेलो. कुठे थांबायचे ते नकाशावर आधीच ठरले होते. प्रत्येक थांब्यावर तेच रकाने भरायचे : मातीचा रंग, झाडे, पीक, घरांची छपरे. वाईच्या शिवारात काळी माती, ऊस आणि हळद, बांधावर बाभळी. पाचगणीच्या टेबल लँडवर पायाखाली लालसर, भोकाभोकांचा जांभा. महाबळेश्वरच्या बाजूला जांभूळ, हिरडा, अंजनीची दाट सदाहरित झाडी आणि खोडांवर शेवाळ. काही घरांच्या भिंतींना पावसाची झड लागू नये म्हणून गवताचे तट्टे बांधले होते, ते अजून उतरवायचे होते. तट्ट्याची बाजू कोणती, हे होकायंत्राने पाहायला सरांनी सांगितले. पश्चिम आणि नैऋत्य. पाऊस कुठून येतो ते त्या भिंतींवरच वाचता येत होते.

शेतकऱ्यांना विचारायच्या प्रश्नांची तालीम आम्ही वर्गात एकमेकांवर केली होती. ‘पाऊस किती पडतो?’ असे विचारायचे नाही, कारण त्यावर कुणीही ‘लई’ नाहीतर ‘कमी’ एवढेच सांगणार. विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, भात करता की ज्वारी, असे विचारायचे. वाईजवळच्या एका शेतात खुरपणी करणाऱ्या आजींना मी विचारले, “आजी, तुमच्याकडं भात का नाही लावत?” त्यांनी खुरपे खाली ठेवले, पश्चिमेच्या डोंगराकडे हात केला आणि म्हणाल्या, “आरं बाळा, आमाला पाऊस दिसतो रोज. पडतो तिकडंच. हितं नुसता वारा येतो.” मी ते जसेच्या तसे वहीत लिहिले. परतल्यावर सरांनी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाले, “पर्जन्यछायेची व्याख्या परीक्षेत लिहा, पण समजून घ्यायची असेल तर ही.”

दिवाळीनंतर तिन्ही ठिकाणच्या नोंदींचा स्तंभालेख काढला. पाचगणीचा स्तंभ महाबळेश्वरच्या निम्म्यालाही पोहोचला नाही. आमचे ‘उंचावर आहे म्हणून’ एकटे पुरे पडत नाही, हे आता दिसत होते. अरबी समुद्रावरून आलेली बाष्पाची हवा कोकणातून सह्याद्रीवर चढते, थंड होते आणि माथ्यापाशीच बहुतेक पाणी सोडते. तिथून पूर्वेला जावे तसे तिच्यात बाष्प कमी उरते, आणि कृष्णेच्या खोऱ्यात उतरताना ती पुन्हा तापते, कोरडी होते. हीच पर्जन्यछाया. दीर्घकालीन सरासरीही हेच सांगते : महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर, पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, वाईला सातशे-आठशे. पण ते आकडे सरांनी शेवटी दाखवले. आधी आमचे.

पुढच्या वर्षी कृष्णेचा प्रवाह मोजला. नदीकाठच्या घाटाच्या खालच्या अंगाला गाठी मारलेला दोर, काठीने दर मीटरवर खोली, वेग काढायला तरंगणारे संत्रे, आणि गुडघ्यावर पाणी लागले की माघारी, हा न मोडायचा नियम. वाईत पाऊस नसतानाही नदी कशी वाढते, याचे उत्तर वरच्या धोम धरणात आणि त्याच्याही मागे पश्चिमेच्या डोंगरांत होते. आदल्या वर्षीच्या नरसाळ्यांचा धागा इथे येऊन जुळला.

मी स्थापत्य अभियंता झालो. रस्त्याखालच्या मोऱ्यांचे आरेखन हे माझ्या कामाचा मोठा भाग आहे, आणि त्याची सुरुवात पावसाच्या आकड्यापासून होते. आकडा हातात आला की मी आधी विचारतो, मापक कुठे ठेवला होता? घाटमाथ्यावरचा आकडा दहा-पंधरा किलोमीटर पूर्वेच्या मोरीला लावला तर पैसे वाया जातात, आणि उलट केले तर रस्ताच वाहून जातो.

हल्लीच्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ आहे, हे पाहून मला मनापासून आनंद झाला. पण तो पाठ बाकावर बसून, प्रश्नोत्तरे लिहून संपू नये, असे फार वाटते. शाळेला माझी एक विनंती आहे. आमच्या वर्गाची नोंदवही भूगोलाच्या खोलीत असेल तर ती शोधावी आणि त्याच तीन ठिकाणी पुन्हा मापके बसवावीत. मापकांचा खर्च आमची तुकडी करेल. महाबळेश्वर आणि पाचगणीला राहणारे माजी विद्यार्थी आपल्याकडे आहेत, त्यांच्याशी मी बोललो आहे. रोजचा आकडा पाठवायला ते तयार आहेत. आता चिठ्ठीही लागणार नाही, फोनवर येईल. मे महिन्यात मी वाईत असेन. जागा निवडायला नववीची मुले बरोबर आली, तर १ जूनला सकाळी साडेआठला पहिली नोंद घेता येईल.